दर लढाईनंतर झोपायला निघणारा विझर्ड: दोष नेमका कुठे आणि दुरुस्ती कशी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकत्र गोष्ट खेळायचा खेळ. त्यातली पाचव्या लेव्हलची पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांची टोळी. किल्ल्याच्या पहिल्याच दालनात सहा-सात शत्रू. विझर्ड, म्हणजे जादूगार, फायरबॉल हा आगीचा स्पेल (मंत्र) टाकतो, पुढच्या टर्नला आणखी एक, उरल्यासुरल्यांवर स्कॉर्चिंग रे. तीन राउंडांत मैदान साफ. फायटर, म्हणजे योद्धा, अजून जिना उतरतोच आहे. तेवढ्यात विझर्ड खेळणारा मुलगा कॅरेक्टर शीट खाली ठेवून म्हणतो, ‘ताई, आता लाँग रेस्ट.’ दाराला अडसर, आठ तास झोप, सगळे स्लॉट (मोठे स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) परत. पुढच्या दालनात पुन्हा हेच.

मी अलिबागेत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचं टेबल चालवते. नागाव, चौल, रेवदंड्याची मुलं खेळायला येतात. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) म्हणून बसणाऱ्यांशी बोलणं झालं की हीच तक्रार फिरून फिरून निघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. माझं मत ठाम आहे. विझर्डची ताकद जास्त आहे म्हणून हे होत नाही, झोप फुकट मिळते म्हणून होतं. स्लॉट हा वेळेचा हिशेब आहे. आपल्या गोष्टीत वेळ पुढे सरकतच नसेल तर तो हिशेब जुळणार कुठून?

आधी खात्री करून घ्या

एका लाँग रेस्टपासून दुसऱ्या लाँग रेस्टपर्यंत तुमच्याकडे किती लढाया होतात ते बघा. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एका दिवसाला मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढाया आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) असा अंदाज धरलेला आहे. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे तीन आणि तिसऱ्या पातळीचे दोन, असे एकूण नऊ स्लॉट असतात. सहा लढायांत वाटले तर एका लढाईला दीड स्लॉट येतो. मग फायरबॉल कुठे टाकायचा याचा विचार करावाच लागतो. दिवसाला एकच लढाई असेल तर नऊच्या नऊ तिथेच रिकामे होतात.

वॉरलॉक या दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराकडे त्याच लेव्हलला दोनच स्लॉट असतात, दोन्ही तिसऱ्या पातळीचे. पण ते तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये परत येतात. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट मिळाले की त्याचे सहा दणके होतात. फायटरचं अ‍ॅक्शन सर्ज आणि सेकंड विंड (जादा कृती आणि दम परत मिळवणं) हेही शॉर्ट रेस्टवरच परत येतं. लढाई झाली की सरळ आठ तास झोपायचं, अशी सवय लागली की हे दोघे मागे पडतात आणि विझर्ड, क्लेरिक, सॉर्सरर या लाँग रेस्टवर स्लॉट मिळवणाऱ्यांची चांदी होते. वॉरलॉक खेळणारी मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसत असेल तर तिच्यावर चिडू नका. तिच्या वाट्याचा खेळच आपण काढून घेतलेला असतो.

लढाया पुरेशा होत असूनही विझर्डच भारी पडत असेल तर दुखणं वेगळं आहे. बहुतेक वेळा कॉन्सन्ट्रेशनचा नियम (लक्ष लावून टिकवायचा स्पेल एका वेळी एकच चालतो) पाळला जात नसतो. हेस्ट चालू असताना होल्ड पर्सन टाकलं की हेस्ट संपलं. मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे स्पेल टिकवायला टाकायचा फासा, गाठायचा आकडा दहा किंवा झालेल्या डॅमेजच्या निम्मा, यातला जो मोठा तो. तेवढं नीट पाळलं तरी निम्मी तक्रार जाते.

आणखी एक. चोवीस तासांत एकाच लाँग रेस्टचा फायदा मिळतो. २०२४ च्या सुधारित नियमांच्या पुस्तकात हे वेगळ्या शब्दांत आहे: एक लाँग रेस्ट संपल्यावर दुसरी सुरू करायला किमान सोळा तास जावे लागतात. हा नियम कितीतरी टेबलांवर कोणाला माहीतच नसतो. तो सांगून बघा. पण हुशार पोरं लगेच म्हणतात, ‘ठीक आहे, सोळा तास बसून राहतो.’ त्यांना उठवणारं गोष्टीत काही नसेल तर ती खरंच बसून राहतात.

जुन्या खेळात हे का होत नव्हतं

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ आला, तेव्हाच्या जादूगाराकडे पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच स्पेल असे. स्पेल पाठ करायचा, टाकला की डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्सच्या कथांमधून आली होती. आजच्या तुलनेत हे फारच कंजूष वाटतं, पण त्याच नियमांत भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजायचा होता, दर टर्नला सहाचा फासा टाकायचा होता आणि सहा पडला की भटकता राक्षस समोर उभा. मशाली जळत होत्या, तासातला एक टर्न विश्रांतीत जात होता. भुयारात बसून राहणं हाच मोठा धोका होता.

पुढे स्लॉट वाढले, कँट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) हव्या तितक्या वेळा टाकता यायला लागले, आणि टेबलावरचं घड्याळ हळूहळू कुणी मोजेनासं झालं. स्लॉट तेवढे मागे उरले. आजचं आपलं दुखणं इथून आलं आहे, आणि म्हणून दुरुस्तीही घड्याळाकडूनच करायला हवी.

हे उपाय करू नका

रात्री झोपले की हल्ला घालायचा, हा सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा उपाय. एखाद्या वेळी ठीक आहे. दर वेळी केलात तर खेळणाऱ्यांना ती शिक्षा वाटते आणि ते लिओमंड्स टायनी हट शिकून घेतात. तिसऱ्या पातळीचा स्पेल, पण रिचुअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून, टाकला तर स्लॉटही जात नाही, दहा मिनिटं जास्त लागतात एवढंच. आठ तास घुमटाच्या आत सुरक्षित. मग डीएम हट तोडण्याच्या मागे लागतो आणि भांडण सुरू होतं.

फायरबॉलवर बंदी, सगळे शत्रू आगीला दाद न देणारे, स्लॉट निम्मे करणं, हेही नको. आठ फासे घेऊन अठ्ठावीसच्या आसपास डॅमेज करण्यासाठी त्या मुलाने विझर्ड निवडला आहे. ती मजा त्याला मिळालीच पाहिजे. कधी वापरायचा, हा प्रश्न त्याला पडला पाहिजे.

दुरुस्ती: पाण्याचं घड्याळ

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यासाठी लांब जायला नको. अलिबागच्या समोरचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला चालत जाता येतं, भरती आली की होडीशिवाय गत्यंतर नाही. वेळ चुकली तर पाणी उतरेपर्यंत किल्ल्यातच बसा. गोष्टीतला किल्ला असाच घ्यायचा. नाव वेगळं ठेवा, नकाशा मनाने काढा.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आपल्याकडच्या बऱ्याच घरांत माहीत असतो: तिथीला तिनाने गुणून चाराने भागायचं. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हा अंदाज बऱ्यापैकी जवळ जातो. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी आणि थोडी मिनिटं वर. दुसऱ्या दिवशी सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही पण ओहोटीलाही वाट धड उघडी पडत नाही. हा हिशेब खेळापुरता. खऱ्या कुलाब्यावर जाताना त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा, दरवर्षी कोणी ना कोणी तिथे अडकतं.

आता माझ्या टेबलावरची मांडणी. पौर्णिमेची संध्याकाळ, सहा वाजता पूर्ण ओहोटी. वाट ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास उघडी, म्हणजे आठला बंद. मध्यरात्री बाराला पूर्ण भरती. पहाटे चारच्या सुमाराला वाट पुन्हा उघडते. किल्ल्याच्या पोटात एक तळघर आहे आणि त्याला बारा पायऱ्या. भरतीचं पाणी सगळे तास सारखं चढत नाही. सहा तासांत बारा भाग चढायचं असेल तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा खलाशांचा ठोकताळा आहे. तोच पायऱ्यांना लावायचा. सातला एक पायरी बुडालेली, आठला तीन, नऊला सहा, दहाला नऊ, अकराला अकरा आणि बाराला सगळं तळघर पाण्याखाली.

आणि बारा वाजता, पाणी पुरेसं चढल्यावर, शत्रूची होडी दर्या दरवाजाला लागणार. ज्या वस्तूसाठी पार्टी आली ती त्या होडीतून जाणार.

ही पट्टी मी पुठ्ठ्यावर काढून टेबलाच्या मध्ये ठेवते. बारा चौकोन, त्यावर एक शिंपला. तास गेला की शिंपला पुढे. खेळणाऱ्यांपासून काही लपवायचं नाही. किती वाजता काय होणार हे गावातली म्हातारी कोळीण त्यांना आधीच सांगते, कारण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ते माहीत असणारच. लपवलेलं घड्याळ असेल तर वेळ संपल्यावर ‘ताईने फसवलं’ असं होतं.

पहिली लढाई साडेसातला, देवडीत. विझर्डने एक फायरबॉल टाकला आणि नेहमीच्या सवयीने विचारलं.

‘ताई, लाँग रेस्ट घेऊ?’

‘घ्या की. आता आठ वाजलेत. उठाल तेव्हा पहाटेचे चार.’

शिंपल्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या. क्लेरिक खेळणारी म्हणाली, ‘अरे, बाराला होडी आहे ना!’

‘मग शॉर्ट रेस्ट?’

‘आठ ते नऊ. तीन पायऱ्या जातील.’

पुढची दहा मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. फायटरचे हिट पॉइंट (उरलेला जीव) कमी होते, त्याला थांबायचं होतं. रोग (Rogue, कुलपं उघडणारं चोर पात्र) खेळणारा म्हणाला की खालचा दरवाजा पाचव्या पायरीजवळ आहे, नऊला तो पाण्यात जाईल. वॉरलॉकचे दोन्ही स्लॉट संपले होते, एका तासात ते परत आले असते. विझर्डकडे आर्केन रिकव्हरी होती: दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्टनंतर, लेव्हलच्या निम्म्याइतक्या पातळीचे स्लॉट परत. पाचव्या लेव्हलला निम्मे करून वरचा आकडा घ्यायचा, म्हणजे तीन. एक फायरबॉल परत मिळाला असता. पण दरवाजा बुडाला असता. शेवटी आधी दरवाजा उघडायचा आणि वरच्या ओट्यावर जाऊन मग तासभर बसायचं असं ठरलं. दुसरा फायरबॉल विझर्डने होडी येईपर्यंत राखून ठेवला, आणि दरवाजापाशी जी चकमक झाली त्यात तो मॅजिक मिसाइल आणि कँट्रिपवर लढला. फायटरला पहिल्यांदाच पुढे उभं राहायला मिळालं.

माझ्या मते जादूच्या पद्धतीचा खरा खेळ हाच आहे, ती दहा मिनिटं. स्लॉट तेच, स्पेल तेच, मी एकही नियम बदलला नव्हता.

पाण्यातले खड्डे

वॉटर ब्रीदिंग हा स्पेल कोणाकडे आहे का ते आधीच बघून ठेवा. तिसऱ्या पातळीचा, रिचुअल, दहा जणांना चोवीस तास पाण्यात श्वास घेता येतो. विझर्ड तो स्लॉट न घालवता टाकू शकतो आणि तुमचं भरतीचं घड्याळ पंगू होतं असं वाटतं. घाबरू नका आणि नाकारूही नका. श्वास घेता आला तरी पाण्याखाली पोहण्याची चाल नसलेल्याला बहुतेक हत्यारांनी डिसअ‍ॅडव्हांटेजने वार करावा लागतो (दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा), भाला, खंजीर अशी मोजकी हत्यारं सोडून. पूर्ण बुडालेल्यांना आगीचं डॅमेज निम्मं लागतं, म्हणजे फायरबॉल तिथे अर्धा. मशाल विझते. आणि रिचुअलला दहा मिनिटं जातात. बुडालेल्या तळघरात उतरायची वाट त्यांना मिळाली, त्याची किंमतही मिळाली. छान झालं.

टायनी हटचंही तसंच. हट शत्रूला अडवते, होडीला थांबवत नाही.

कंट्रोल वॉटर चौथ्या पातळीचा आहे, विझर्डला सातव्या लेव्हलला मिळतो, दहा मिनिटं टिकतो आणि कॉन्सन्ट्रेशन लागतं. सातव्या लेव्हलला हा किल्ला चालवत असाल तर दहा मिनिटांत काय काय करता येईल ते मोकळ्या मनाने करू द्या.

लांबची मोहीम असेल तर

एका रात्रीचा किल्ला सोपा. पण पार्टी दाभोळपासून विजयदुर्गापर्यंत किनाऱ्याने चालली आहे, चार दिवसांतून एक लढाई होते, तर दर लढाईला सगळे स्लॉट भरलेलेच असणार. तिथे २०१४ च्या गाइडमधला ग्रिटी रिअ‍ॅलिझमचा पर्याय वापरा: रात्रीची आठ तासांची झोप म्हणजे शॉर्ट रेस्ट आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. सात दिवस हा आकडा आपल्या समुद्राला आपोआप बसतो. उधाणापासून भांगापर्यंत साधारण तेवढेच दिवस जातात. पौर्णिमेला गावात उतरलात, अष्टमीपर्यंत तिथेच राहिलात, की लाँग रेस्ट पूर्ण. तोवर गावात काय घडतं हे डीएमने ठरवायचं, आणि ते घडू द्यायचं.

यात एक अडचण येते: आठ तास टिकणारा मेज आर्मर (जादूचं कवच) तीन-चार दिवसांत एकदाच परवडतो, मग तो कोणी घेतच नाही. मी दिवसभर चालणाऱ्या स्पेलची मुदत वाढवून देते. खेळणाऱ्यांशी बोलून तुम्ही तुमचं ठरवा.

समुद्र नसेल तिथे

सह्याद्रीच्या पायथ्याची देवराई, खाडीच्या आतलं गाव, तिथे भरतीचा उपयोग नाही. कुडाळकडच्या एका डीएमने काढलेली युक्ती मला फार आवडली. गावाच्या शिवेला राखणदार आहे. शिवेच्या आत झोपायचं तर आधी गाऱ्हाणं घालायचं, कौल मागायचा. कौल उजवा मिळाला तर लाँग रेस्ट लागू, पण राखणदार बदल्यात काहीतरी मागतो: वाटेवरची विहीर उपसून द्या, अमक्याला त्रास देणाऱ्याला हाकला. शब्द दिला की टेबलावरच्या वहीत लिहायचा. शब्द मोडला तर त्या शिवेत सर्वांत वरच्या पातळीचे स्लॉट झोपेत परत येत नाहीत. पार्टी झोपेआधी विचार करायला लागते, आणि मोहिमेला कामंही आपोआप मिळत जातात.

यात एक गोष्ट मनापासून सांगते. खऱ्या ग्रामदेवतेचं, खऱ्या देवस्थानाचं नाव खेळात घेऊ नका. टेबलावर बसलेल्या कोणाच्या तरी घरी त्या देवाला दरवर्षी नारळ ठेवला जातो. फासा पडून तो देव रागावला, हे त्यांनी का ऐकावं? गाव काल्पनिक, राखणदार काल्पनिक, आणि सुरुवात करण्यापूर्वी सगळ्यांना विचारून घ्या. एकाला जरी खटकलं तर त्या जागी जुनं वडाचं झाड ठेवा, युक्ती तितकीच चालते.

मोजणंच नको असेल तर

काही टेबलांना तास आणि स्लॉट मोजण्यात रसच नसतो. त्यांच्यावर घड्याळ लादू नका, पद्धतच बदला. १९७५ च्या मूळ टनेल्स अँड ट्रोल्समध्ये जादूगार आपली स्ट्रेंग्थ, म्हणजे अंगातली ताकद, खर्च करून मंत्र टाकायचा. डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये दर स्पेलला वीसचा फासा टाकावा लागतो. चांगला पडला तर स्पेल डोक्यात राहतो, वाईट पडला तर भलतंच काहीतरी घडतं आणि जादूगाराच्या शरीरावर कायमच्या खुणाही उमटू शकतात. कॉल ऑफ कथुलूत मंत्राची किंमत मानसिक संतुलनातूनही (सॅनिटी) जाते. या खेळांत ‘आता झोपूया’ कमी ऐकू येतं, कारण किंमत तिथल्या तिथे चुकती होते. बदल्यात जादूगाराचा भरवसा जातो, आणि योजना आखून खेळणाऱ्याला ते आवडत नाही. तुमच्या टेबलावर कोण बसतं ते बघून ठरवा.

चालू मोहिमेत बदल आणताना

खेळाच्या मध्येच अचानक शिंपला ठेवू नका. आदल्या आठवड्यात ग्रुपवर स्पष्ट सांगा की पुढच्या किल्ल्यात तास मोजले जातील आणि झोपेला किंमत असेल. विझर्ड दर लाँग रेस्टनंतर वहीतून वेगळे स्पेल तयार करू शकतो, त्यामुळे तो लगेच सावरतो. सॉर्सररची अडचण खरी असते. त्याचे स्पेल ठरलेले असतात आणि २०१४ च्या नियमांत लेव्हल वाढली की एकच बदलता येतो. दिवसाला एकच लढाई होणार असं धरून त्याने सगळे आगीचे मोठे स्पेल घेतले असतील तर त्याला एकदा, विनाअट, हवे तेवढे बदलू द्या.